पेठेतल्या गॅरेजसाठी कॉम्प्रेसर घेताना

कॉम्प्रेसर घ्यायला निघालेला माणूस दुकानात पोचला की पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचा घेऊ?" दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. एक एचपी, दोन एचपी, तीन एचपी. जितके एचपी जास्त तितकं यंत्र चांगलं, अशी समजूत होऊन बसते. पण एचपी हा मोटरचा आकडा आहे. तुमच्या हातातली स्प्रे गन किंवा हवेवरचा पाना चालतो तो मिनिटाला किती हवा मिळते आणि ती किती दाबाने मिळते यावर. म्हणून आधी घरी बसून कामांची यादी करा, त्या कामांना लागणारी हवा काढा आणि मग यंत्र बघायला जा. पुण्याच्या सदाशिव पेठेत राहत असाल तर या हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात: मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत आलेली वायर आणि वर राहणारे शेजारी. यंत्र किती मोठं घ्यायचं याची कमाल मर्यादा या दोन गोष्टी ठरवतात, आणि ती बहुतेकांच्या मनातल्या यंत्रापेक्षा बरीच खाली आहे.

आधी जागेचं बोलू. पेठेत दोन तऱ्हेच्या जागा असतात. एखाद्या जुन्या वाड्याच्या किंवा बंगल्याच्या तळमजल्यावर शटरचा गाळा असतो, तिन्ही बाजूंना भिंती असलेला. तो ज्याच्याकडे आहे त्याचं निम्मं काम सोपं झालं. बाकीच्यांची जागा म्हणजे वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीखालचं पार्किंग, खांबांच्या मधलं. या जागेला आपण सवयीने 'माझं गॅरेज' म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ते गॅरेज नव्हे. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईतल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग हे सामाईक क्षेत्र आहे, बिल्डरला ते स्वतंत्र गॅरेज म्हणून विकता येत नाही. तेव्हा पार्किंगमध्ये यंत्र कायमचं बसवायचं असेल तर सोसायटीच्या कमिटीला आधी पत्र द्या आणि लेखी संमती घ्या. चाकांवरचं, काम झालं की घरात किंवा कपाटात ढकलता येईल असं यंत्र असेल तर ही संमती मिळणंही सोपं जातं. निवडीतला हा पहिला मुद्दा.

कामाला हवा किती लागते

घरगुती वर्कशॉपमध्ये कामं कुठली? जुनी चेतक किंवा लुना पुन्हा उभी करणं, सायकलींची देखभाल, थोडं सुतारकाम, शाडूच्या गणपतीचं रंगकाम, रेल्वे-विमानांची छोटी मॉडेलं, कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर साफ करणं. या प्रत्येकाची हवेची भूक वेगळी आहे.

हवा सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. गणपतीचे डोळे आणि छटा रंगवायच्या एअरब्रशला अर्धा ते एक सीएफएम पुरतो, दाबही १५ ते ३० पीएसआय एवढाच. लाकडात बारीक खिळे ठोकणारी गन किंवा गादीकामाचा स्टेपलर दर ठोक्याला अगदी थोडी हवा घेतो. त्याला दाब मात्र ७० ते १०० पीएसआय लागतो. धूळ उडवायच्या ब्लो गनला तीन ते सहा सीएफएम लागतात, पण एका वेळी काही सेकंदच. अर्ध्या इंची इम्पॅक्ट पान्याला ९० पीएसआयला सरासरी चार-पाच सीएफएम, तेही नट सुटेपर्यंतच. स्कूटरचं एखादं पॅनल रंगवायची छोटी टच-अप गन तीन-चारमध्ये भागवते. पूर्ण आकाराची एचव्हीएलपी स्प्रे गन मात्र आठ ते बारा सीएफएम मागते. हवेवर चालणारा सँडर तेवढीच हवा आणि तीही सलग मागतो. सँडब्लास्टिंगची भूक त्याहून मोठी.

थोडक्यात, काही कामं थांबत थांबत हवा घेतात आणि काही सलग ओढतात. पहिल्या जातीच्या कामांना लहान यंत्र पुरतं. दुसऱ्या जातीची कामं पेठेतल्या पार्किंगमध्ये हवेवर करण्याच्या फंदात पडूच नका. घासायला विजेवरचा सँडर घ्या, कापायला विजेवरचा ग्राइंडर. नट सोडवायला बॅटरीवरचा इम्पॅक्ट पाना आता चांगला मिळतो. या तीन अवजारांना मिळून जो खर्च येईल त्याने तुम्ही मोठा कॉम्प्रेसर, मोठी वायर आणि सोसायटीशी भांडण, तिन्ही टाळता. नुसती टायरमध्ये हवा भरायची असेल, स्कूटरला २५ ते ३५ आणि कारला ३० ते ३५ पीएसआय, तर कॉम्प्रेसरची गरजच नाही. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्फ्लेटर बास झाला.

टाकी मोठी घेतली म्हणजे यंत्राचा जोर वाढतो असं अनेकांना वाटतं. टाकीचं काम गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं आहे: साठा वाढतो, खालून चढणारं पाणी तेवढंच राहतं. हे आकड्यांत पाहा. ५० लिटरच्या टाकीत दाब १२० पीएसआयवरून ९०वर येईपर्यंत सुमारे १०० लिटर मोकळी हवा बाहेर पडते. आठ सीएफएमचा सँडर मिनिटाला साधारण २२५ लिटर ओढतो. पंप खरोखर पाच सीएफएम, म्हणजे १४० लिटर भरत असेल तर दर मिनिटाला ८५ लिटरचा तुटवडा. टाकीतला साठा सव्वा मिनिटाच्या आत संपला. पुढे दाब घसरत जातो, सँडर मंदावतो आणि मोटर एकसारखी धावत राहते. २४ लिटरच्या लहान यंत्रावर हाच सँडर लावला तर सगळा खेळ वीसेक सेकंदांचा. इम्पॅक्ट पान्याला मात्र २४ लिटर पुरतात, कारण दोन नटांच्या मध्ये पंपाला भरपाई करायला वेळ मिळतो.

आता लेबलवरचा सीएफएम. पिस्टन एका मिनिटात किती जागा झाडून काढतो त्या हिशेबाने हा आकडा बहुतेक वेळा लिहिलेला असतो. प्रत्यक्ष टाकीत पोचणारी हवा त्याच्या साठ-सत्तर टक्के भरते, कारण हेडमध्ये थोडी हवा अडकते, रिंगांतून थोडी निसटते, आणि दाब वाढत जाईल तसा हा तोटाही वाढतो. दुकानदाराला 'फ्री एअर डिलिव्हरी' किती, ९० पीएसआयला किती, असं स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही तर स्वतः मोजा. यंत्र चालू करायला लावा. काटा ९०वर आला की मोबाइलचं घड्याळ सुरू करा आणि १२०वर आला की थांबवा. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले लागलेले सेकंद, गुणिले ६०: ही मिनिटाला मिळणारी हवा, लिटरमध्ये. तिला २८ने भागलं की सीएफएम. ५० लिटरच्या यंत्राला ५० सेकंद लागले तर मिनिटाला १२० लिटर, म्हणजे सव्वाचार सीएफएम. लहान यंत्र १२०च्या आधीच बंद होत असेल तर ८० ते ११० असं मोजा, अंतर ३० पीएसआयचंच ठेवा. हा हिशेब ढोबळ आहे, पण लेबलपेक्षा खरा. चाचणीला तयार नसलेल्या दुकानातून यंत्र घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. याच चाचणीत आणखी एक पाहून घ्या: टाकी पूर्ण भरल्यावर यंत्र बंद करा आणि पंधरा मिनिटं काटा बघत राहा. हवा गार होताना सुरुवातीला काटा थोडा उतरतो, पण नंतरही उतरत राहिला तर कुठे तरी गळती आहे.

एक एचपीच्या घरगुती यंत्राकडून खऱ्या अर्थाने अडीच-तीन सीएफएम आणि दोन एचपीच्या चांगल्या बेल्टवाल्या यंत्राकडून पाच-सहा सीएफएम एवढीच अपेक्षा ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुळातच मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. अगदी काठावरचा हिशेब केला असेल तर तेवढं मार्जिन धरा.

आवाज

पेठेतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. इथे खालच्या मजल्यावर अभ्यासिका असते, स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात, वर सत्तरी ओलांडलेले लोक असतात. ज्ञान प्रबोधिनी, पेरुगेटची भावे शाळा, टिळक रस्त्यावरचं स. प. महाविद्यालय, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. शाळा, रुग्णालयं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा भाग राज्य सरकारने तसा जाहीर केला असेल तर शांतता क्षेत्रात येतो, तिथे ही मर्यादा ५० आणि ४० आहे. तुमची इमारत शांतता क्षेत्रात येते का, ते आधी पाहून घ्या.

आता यंत्रांकडे वळू. स्वस्तात मिळणारी बहुतेक डायरेक्ट यंत्रं, ज्यात मोटर आणि पंप एकाच दांड्यावर असतात, ८५ ते ९५ डेसिबलचा आवाज करतात. बंद पार्किंगमध्ये हा आवाज स्लॅबला आणि भिंतींना आपटून जिन्यातून वर चढतो. बेल्टवालं, बिडाच्या हेडचं यंत्र ७५ ते ८५मध्ये असतं आणि त्याचा सूर खालचा असल्यामुळे कानाला कमी टोचतो. 'सायलेंट' म्हणून विकली जाणारी ऑइल-फ्री यंत्रं साधारण ६० ते ७० डेसिबलची, म्हणजे शेजारी उभं राहून बोलता येईल इतपत. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, त्यामुळे ९० आणि ६५ यांतला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे.

दुकानात उभं राहून हे ओळखायची एक सोपी खूण आहे. मोटरच्या पट्टीवर आरपीएमचा आकडा वाचा. २८००च्या आसपास असेल आणि पंप थेट जोडलेला असेल तर यंत्र ओरडणार. १४०० किंवा १४४० असेल तर शांत चालण्याची शक्यता मोठी. खोक्यावर 'लो नॉइज' छापलेलं असो वा नसो, ही पट्टी खरं सांगते. ऑइल-फ्री असणं आणि शांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑइल-फ्रीमध्येही २८००ची गोंगाटी यंत्रं भरपूर मिळतात.

यंत्राखाली जाड रबरी पॅड ठेवा. ते खांबाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका, कारण थरथर काँक्रीटमधून दोन-तीन मजले सहज चढते आणि वरच्या माणसाला आवाज कुठून येतो हे कळतही नाही. यंत्र खोक्यात कोंडून आवाज दाबायचा प्रयत्न करू नका. पंपाला थंड हवा हवीच. काम सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात एवढ्यातच उरका. दुपारची विश्रांती अनेक घरांत आजही पाळतात, तिचा मान ठेवा. परीक्षांच्या दिवसांत खालच्या अभ्यासिकेत एकदा विचारून या. वरच्या आजी-आजोबांना पहिल्या दिवशी खाली बोलवा आणि यंत्र चालू करून दाखवा. आवाज कशाचा आहे आणि किती वेळ चालणार हे माहीत असलं की तक्रारी निम्म्याने कमी होतात.

वायर

घरगुती वीज सिंगल फेज, २३० व्होल्ट. दोन एचपीची मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ५०-६० अँपिअर ओढते. सगळी गडबड या क्षणात होते. पार्किंगमधला दिव्याचा पॉइंट सोसायटीच्या सामाईक मीटरवर असतो. त्यावर कॉम्प्रेसर लावणं चूक आहे, सोसायटीच्या बिलाच्या दृष्टीनेही आणि त्या बारीक वायरीच्या दृष्टीनेही. तुमच्या स्वतःच्या मीटरवरून, परवानाधारक वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घ्या.

समजा मीटर रूमपासून तुमची जागा २५ मीटरवर आहे. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत सुरू होताना सुमारे ३० व्होल्ट वाटेतच संपतात. अडीचच्या वायरीत अठरा-एकोणीस, चारच्या वायरीत अकरा-बारा. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३०ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर जोर पाव हिश्श्याने गेला. मग मोटर घूं घूं करत अडकते, कपॅसिटर जातो, कधी वाइंडिंग जळतं आणि दोष यंत्राच्या माथी येतो. दोन एचपीसाठी चार स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरचा सॉकेट, 'सी' जातीचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, यात काटकसर नको. एक एचपीला अडीचची वायर चालते. वायर आणि स्विचगिअर तपकीर गल्लीत मिळेल, कॉम्प्रेसर आणि त्याची जोडणी बोहरी आळीत बघा. नेहमीचा एक्स्टेन्शन बोर्ड कॉम्प्रेसरला कधीही लावू नका. लांब जायचं असेल तर हवेची नळी लांब करा, विजेची वायर नको. नळीत दाब थोडा पडतो, पण मोटर वाचते. आणि महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तेही पाहा. गीझर, एसी आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी चालणार असतील तर तो वाढवून घ्यावा लागेल.

तीन एचपी आणि थ्री फेजचा विचार ज्याचा धंदा आहे त्याने करावा. घरच्या माणसाचा नाही.

पाणी

हे प्रकरण पुण्यात पावसाळ्यात खरं कळतं. जुलैत हवा २७ अंशांची आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा दाबून आकारमान नवव्या हिश्श्यावर आणली, म्हणजे काटा आठ बारवर, ११५ पीएसआयच्या पुढे गेला, आणि ती पुन्हा गार झाली की त्यातलं जेमतेम तीन ग्रॅम वाफ म्हणून टिकू शकतं. उरलेलं १९ ग्रॅम टाकीत पाणी होऊन बसतं. पाच सीएफएमचं यंत्र तासभर सलग चाललं तर साडेआठ घनमीटर हवा आत जाते, म्हणजे दीडशे मिलिलिटरच्या वर पाणी, चहाचा मोठा कप भरेल एवढं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हेच प्रमाण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, पण शून्य कधीच होत नाही.

हे पाणी दोन ठिकाणी नुकसान करतं. एक तर ते गनमधून रंगावर येतं. शाडूच्या मूर्तीवर पाण्याचा एक थेंब पडला की छटा फुटते; स्कूटरच्या पॅनलवर रंगाखाली फोड येतात. म्हणून रंगकाम करणाराने फिल्टर आणि रेग्युलेटर वेगळे घ्यावेत, आणि फिल्टर टाकीला चिकटून न लावता नळीच्या दुसऱ्या टोकाकडे, गनच्या बाजूला लावावा. टाकीतून निघालेली हवा कोमट असते. पाणी वाफेतच असतं आणि फिल्टरला चकवून पुढे जातं. पाच-सात मीटर नळीतून जाताना ती गार होते, थेंब बनतात आणि मग फिल्टर ते पकडतो. गणपतीचं रंगकाम ऐन श्रावणात येतं, तेव्हा हे विसरून चालत नाही.

दुसरं नुकसान डोळ्याला दिसत नाही. टाकीच्या तळाशी पाणी साचून पत्रा आतून गंजत जातो. टाकीखाली ड्रेन कॉक असतो. काम संपलं की थोडा दाब शिल्लक असतानाच तो उघडा. आधी तांबूस, दुधाळ पाणी फुर्रकन येतं, मग नुसती हवा. पाण्याचा रंग बघण्याची सवय लावा. फिकट तांबूस चालतं. गंजाचे कण किंवा खपल्या यायला लागल्या तर आतून पापुद्रे सुटायला लागले आहेत. खरेदीच्या वेळी हा कॉक हाताला सहज लागतो का, तेही तपासा. काही यंत्रांत तो इतका अडचणीत असतो की महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही. अशी टाकी घेऊ नका.

टाकी आणि जीव

वरचा गंज मी लांबवून सांगितला, कारण कॉम्प्रेसरमध्ये जिवाशी खेळणारा भाग टाकीचाच आहे. दाबलेली हवा फुटते ती पाण्यासारखी चिरत नाही, सगळी एकदम मोकळी होते. दाबाच्या टाक्यांसाठी आपल्याकडे आयएस २८२५ हे मानक आहे. टाकीवर कायमची जोडलेली पट्टी असावी आणि तिच्यावर कामाचा दाब, चाचणीचा दाब, क्षमता आणि वर्ष कोरलेलं असावं. चाचणी पाण्याने, कामाच्या दाबापेक्षा बऱ्याच वरच्या दाबाने करतात. तिचं प्रमाणपत्र मागा आणि बिलासोबत जपून ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून हवा सुटते का बघा. पट्टी नसलेली, वेल्डिंग करून डागडुजी केलेली टाकी कितीही स्वस्त असली तरी नको. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पंप, मोटर, बेल्टची चाकं बघायला हरकत नाही, पण टाकी तिथून घेऊ नका. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर टाकी म्हणून वापरण्याचा विचार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. तो सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो आणि आतून गंजणाऱ्या दमट हवेसाठी तो बनवलेलाच नाही. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर एअरब्रश चालवणारे हौशी लोक आहेत आणि आवाजाच्या दृष्टीने ती युक्ती छानच आहे. फक्त हवेबरोबर तेल येतं, त्याला चांगला फिल्टर हवा, आणि टाकी पट्टीवालीच हवी.

भिंतीवरून हवेची लाइन फिरवायची असेल तर पाण्याचे पीव्हीसी पाइप वापरू नका. हवेच्या दाबाने पीव्हीसी तडकला तर त्याच्या धारदार चिपा उडतात. रबरी होज किंवा पीयूची नळी पुरेशी आहे. ब्लो गन वापरताना डोळ्यांवर चष्मा हवाच. कपड्यांवरची धूळ झटकायला ती अंगाकडे वळवू नका, आणि मुलांच्या हातात मस्करीसाठीही देऊ नका. अंगात हवा सोडण्याच्या चेष्टेत कारखान्यांमध्ये माणसं दगावली आहेत.

रंगकामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हार्डनर मिसळायचे गाड्यांचे टू-के रंग इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मारू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, साधा मास्क त्यांना अडवत नाही, आणि थिनरची वाफ जमिनीलगत पसरून स्विचच्या ठिणगीने पेट घेऊ शकते. शेजारी पेट्रोल भरलेल्या गाड्या उभ्या असतात. पॅनल सुटी करून पेंटिंग बूथ असलेल्या गॅरेजला द्या. घरी प्रायमर घासणं, फिलर भरणं, पाण्यात मिसळणाऱ्या रंगांचं काम, एवढं करा.

मग घ्यायचं काय

पार्किंगमध्ये काम करणाऱ्या बहुतेकांसाठी माझी शिफारस एक एचपीच्या आसपासचं, १४०० आरपीएमचं सायलेंट ऑइल-फ्री यंत्र, २४ ते ३० लिटरची टाकी, खाली चाकं. एअरब्रश, स्टेपलर, ब्लो गन, टच-अप गन आणि थांबत थांबत इम्पॅक्ट पाना, सगळं त्यावर निभतं. तेल नसल्यामुळे ते आडवं-तिडवं हलवलं तरी चालतं. त्याच्या पिस्टनच्या रिंगा झिजतात, म्हणून घेतानाच रिंग किट आणि व्हॉल्व्ह प्लेट सुटे मिळतात का हे विचारा. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. स्वतःचा शटरचा गाळा आहे, दिवसा काम करता आणि वर कुणी राहत नाही, तर दोन एचपीचं बेल्टवालं, बिडाच्या पंपाचं, ५० ते ९० लिटरचं यंत्र घ्या. ते नीट सांभाळलं तर पुढची पिढीही वापरेल. त्याला कॉम्प्रेसरचंच तेल घाला, साधारणपणे व्हीजी १००. गाडीच्या इंजिन ऑइलमधली रसायनं पाण्याशी मिसळून फेस करतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी तेल घट्ट असतं, तेव्हा टाकी रिकामी करून ड्रेन कॉक उघडा ठेवून मिनिटभर पंप फिरू द्या. बेल्टवर जाळी हवी, तेही विसरू नका. २८०० आरपीएमची तेलवाली डायरेक्ट यंत्रं किमतीला मोहात पाडतात; पेठेत ती घेऊ नयेत.

बजेटचा पाव हिस्सा यंत्राबाहेर ठेवा: वायर, फिल्टर-रेग्युलेटर, दहा मीटर नळी, क्विक कपलर, पॅड, चष्मा, कानाचे मफ. यंत्र थांबल्यावर फुस्स असा आवाज येतो तो अनलोडर व्हॉल्व्हचा, हेडमधली कोंडलेली हवा सोडणारा. तो आवाज येईनासा झाला किंवा यंत्र बंद असतानाही बारीक हवा सुटत राहिली, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघायला हवा. दुर्लक्ष केलं तर मोटर भरल्या दाबावर सुरू व्हायचा प्रयत्न करेल आणि कपॅसिटर उडवेल. दुरुस्तीच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासून या शहरात आहे, हडपसरला. ॲटलास कॉप्कोचा कारखाना दापोडीला. अशा कारखान्यांत उमेदवारी केलेले, निवृत्त झालेले फिटर शहरात आहेत. ओळखीत कुणी असेल तर खरेदीच्या दिवशी त्यांना सोबत न्या आणि ते हेडवर हात ठेवून काय ऐकतात ते विचारून घ्या. वर्षातून एकदा त्यांनाच बोलावून सेफ्टी व्हॉल्व्ह, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि टाकीचा तळ तपासून घ्या, आणि ही तपासणी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी ठेवा.